स्प्रिंग नसलेली आरामखुर्ची

इटलीतल्या मेदा गावात माझ्या नवऱ्यासारखा, तेरेझिओसारखा, खुर्चीत स्प्रिंगा बांधणारा दुसरा कोणी नव्हता. पण त्या वर्षी आमच्या कारखान्याकडे कोणी फिरकेना. सगळ्यांना आता रबरी फोमच्या खुर्च्या हव्या होत्या. तेरेझिओ दिवसभर बाकावर नुसता बसून राहायचा आणि मी चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळताना त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

अशात मिलानहून लिविया नावाची एक तरुण डिझायनर आली. तिनं काढलेलं आरामखुर्चीचं चित्र सगळ्या कारखानदारांनी परत केलं होतं. पातळ प्लायवूड वाकवून एकसंध बैठक आणि पाठ, वर फोम. स्प्रिंग एकही नाही.

"म्हणजे माझीच शवपेटी करायला सांगताय," तेरेझिओ म्हणाला.

"माझीही समजा. हे जमलं नाही तर वडील मला घरी घेऊन जाणार."

काम घेतलं. दुसरं होतं काय? लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून साच्यात आवळायचे, वाळले की काढायचे. पहिली खुर्ची वळणावर तडकली. दुसरीही तिथंच. तिसरी काढताना आम्ही श्वास रोखून उभे होतो. कट्‌ आवाज आला. तेरेझिओ कुऱ्हाड घेऊन साच्यावर धावला. लिविया आडवी आली.

"सरका बाई!"

"नाही सरकणार! घाला माझ्यावरच!"

मी किंचाळले. कुऱ्हाड टाकून तो भुशातच बसला आणि हमसून हमसून रडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना पाहिलं.

लिवियानं करवत उचलली आणि जिथं तडा गेला होता तिथंच खुर्ची कापली. बैठक वेगळी, पाठ वेगळी.

"तुटायचंच असेल तर नीट तुटू दे," ती म्हणाली. "पण आता जोडायचं कशानं?"

तेरेझिओनं बाहीनं नाक पुसलं. "रबरी पट्ट्यांनी. ताणून बांधू."

तशी बांधली आणि खुर्ची टिकली. टेकलं की तिची पाठ अलगद मागं झुकायची, उठलं की जागेवर यायची. एका कारखानदारानं पुन्हा पुन्हा बसून पाहिलं.

"खुर्ची घेतो. पण ती माझ्या यंत्रांवर होईल. तुमचं इथं काय काम?"

लिविया त्याच्याशी कडाकडा भांडली, तेव्हा कुठं तेरेझिओला तिथं फोम चिकटवायला घेतलं. आमच्या कारखान्याला कुलूप लागलं.

पहिल्या दिवशी तो परत आला तेव्हा गोंदाच्या वाफेनं डोळे लालभडक झाले होते.

"कशी होतेय खुर्ची?" मी विचारलं.

"चांगली होतेय गं," तो म्हणाला. "मला बघवत नाही, एवढंच."