मागून जेवणारी

छप्पन सालच्या दसऱ्यानंतर कावेरीला मळमळायला लागलं. दुपारचं जेवण होऊन उष्टी काढली, की पोटातून असा उमासा यायचा की परसातली मोरी गाठेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. सासरे हयवदनराव म्हणाले, पित्त. शेजारच्या वसुमतीअक्का म्हणाल्या, दृष्ट. आणि मीठ-मिरच्या ओवाळून मोकळ्या झाल्या. बंगळुरातल्या चामराजपेटेतल्या त्या गल्लीत कारणं सांगणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती. वैद्यांच्या आठ पुड्या झाल्या, ओकारी होती तिथंच राहिली.

मग महिना उलटला आणि कावेरी बाहेर बसली नाही.

सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी, बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले आणि देवापुढं तुपाचं निरांजन लावलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं ज्या तोंडातून टोमण्याशिवाय शब्द निघाला नव्हता, त्याच तोंडातून आता यायचं, "सावकाश उठ गं. पाणी प्राणेश ओढेल." प्राणेश, कावेरीचा नवरा, कचेरीतला कारकून. बिचारा गल्लीत कुणी बघत नाही ना हे पाहून रहाट ओढायचा.

"अत्ते, सारू स्वल्प कडू लागतंय," कावेरी एकदा सासूला म्हणाली.

"या दिवसांत तोंड असंच होतं. मला नाही लागलं ते कडू!"

खरंच नव्हतं लागलं. सारू म्हणजे चिंचेचं सार, ते आठला उकळून व्हायचं. प्राणेश नऊला जेवून जायचा, मामंजी दहाला, अत्ते अकराला. कावेरी सगळं आवरून एक वाजता बसायची आणि तळाशी उरलेलं भातावर ओतून घ्यायची. सून मागूनच जेवते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं त्या घरात कुणाला वाटलं नव्हतं, कावेरीलाही नाही. ओकून ओकून तिच्या गालाची हाडं वर आली होती, पण ती सुखात होती. मोरीशी वाकलेली असतानाही तिचा एक हात पोटावर असायचा. मनातल्या मनात तिनं नावसुद्धा ठरवलं होतं.

दोन महिने बावीस दिवस झाले, आणि एका सकाळी तिला पातळावर डाग दिसला.

ती मागच्या खोलीत घोंगडीवर जाऊन बसली. सावित्रीबाई दारात आल्या. "काय उचललंस? पपई खाल्लीस?"

"नाही हो, अत्ते."

"मग गेलं कसं?"

प्राणेश म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना बोलावू?" आई म्हणाली, "आता कशाला?" तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि चपला घालून कचेरीला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

बाहेर बसलेल्या बाईला लवकर, दुरून वाढतात. कावेरीला दहालाच पान मिळू लागलं आणि मळमळ थांबली. तेव्हा मात्र उरलीसुरली आशाही गेली. ती भिंतीकडं तोंड करून, ठरवून ठेवलेलं नाव ओठांत घोळवत रडायची.

घरातलं सगळं आता सावित्रीबाईंवर पडलं होतं. जेवायला त्यांना दीड वाजायचा. तिसऱ्या दिवशी त्या हात धुऊन उठल्या आणि पदर तोंडाला लावून मोरीकडं धावल्या. कपाळ धरायला कावेरी झेपावली.

"शिवू नकोस!"

ती दोन हातांवर थांबली. साठीची बाई भिंत धरून ओकत होती आणि कावेरीला नुसतं उभं राहून बघावं लागलं.

"कालही झालं," पायरीवर बसत सावित्रीबाई म्हणाल्या. "सारू कडू लागतंय गं. तू म्हणत होतीस तसंच."

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि साराचं पितळी पातेलं घेऊन आल्या. ते त्यांच्या लग्नातलं. शेजारणींनी अॅल्युमिनियमची भांडी घेतली, तरी त्यांनी हे सोडलं नव्हतं. दरवर्षी दसऱ्याला कल्हई व्हायची. यंदा नेहमीचा कल्हईवाला नागनाथ टेलिफोनच्या कारखान्यात लागला आणि ते राहूनच गेलं. सावित्रीबाईंनी तळ अंगठ्यानं घासला. खाली पिवळं पितळ उघडं पडलं होतं आणि कडेला हिरवं चढलं होतं.

"कळकलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे ताजं जेवत होतो. पाच तास चिंच मुरलेलं तेवढं तुझ्या पानात." काखेत कळसा नि गावाला वळसा; आणि त्या वळशात तीन महिने गेले होते.

"पोटात अन्नच ठरत नव्हतं, पाळी कुठून येणार? तू काही केलं नाहीस, पोरी." मग त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणजे नव्हतंच काही."

कावेरीच्या डोक्यावरचा आळ उतरला होता, तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तीन दिवस ती कुणासाठी तरी रडली होती. गेलं म्हणायलाही आधी असावं लागतं. त्यापेक्षा सासूचा राग परवडला असता.

चौथ्या दिवशी तिनं न्हाऊन स्वयंपाक केला. पातेलं बाजारातून कल्हई होऊन आलं होतं, आतून लख्ख. सावित्रीबाईंनी दोन पानं शेजारी मांडली. "बैस माझ्याबरोबर. ऊन आहे तोवर जेव."

सारू छान झालं होतं. जेवून कावेरी सवयीनं मोरीशी गेली आणि पोटावर हात ठेवून उभी राहिली. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मळमळलं नाही. तेव्हा ती तिथंच ओल्या दगडावर बसली आणि मोठ्यानं रडू लागली. आतून सावित्रीबाईंनी एकदा हाक मारली. पुन्हा मारली नाही.