खुंट्यांना हात लावायचा नाही

तनुजा वाईट बाई नव्हती. गारखेड्यात कुणालाही विचारा, हेच सांगतील. आता वाईट बाई काय कपाळावर लिहून फिरते होय? घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथं ती गिटारचा क्लास घ्यायची. नळाला पाणी यायच्या दिवशी सुट्टी, बाकी रोज. नवं पोर आलं की पहिल्याच दिवशी त्याला खुंट्या पिळायला बसवायची. "आधी तारा सुरात लावायला शिका, मग वाजवा. बेसूर गिटार वाजवण्यापेक्षा घरी डबा वाजवा." पोरं रडकुंडीला यायची, पण शिकायची. नियम चोख होता.

तो फक्त मेघाला लावला नाही.

मेघा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. मेघाचे वडील मिशनच्या एका शाळेत शिपाई होते. तिथल्या हॉलमधल्या पियानोवर ही सातव्या वर्षी बसली ती कायमची. फारकत झाल्यापासून आठ वर्षांच्या संस्कृतीला घेऊन ती सिडकोत भावाकडं राहत होती. पोरीला दुसरी पोळी वाढताना वहिनी असं तोंड करायची की पोरगी भूक असूनही "पोट भरलं" म्हणायला शिकली होती.

जानेवारीत पैठण रोडवरच्या एका नव्या शाळेची जाहिरात आली. संगीताच्या बाई पाहिजेत, पियानो आणि गिटार दोन्ही यायला हवं, राहायला आवारातच दोन खोल्या. मेघा तडक तनुजाकडं आली.

"तने, तीन महिन्यांत शिकव मला. त्या दोन खोल्या मिळाल्या ना, तर सुटलो गं आम्ही दोघी."

"ये की. त्यात काय एवढं," तनुजा म्हणाली. आणि मनापासून म्हणाली, बरं का. खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशी मजाच झाली. कागदावर 'बोट एक' असं बघून मेघा तारेवर अंगठा न्यायला लागली. पियानोत अंगठाच एक नंबरचा. "अगं बये, अंगठा मागं! इथं एक म्हणजे त्याच्या शेजारचं बोट," म्हणत तनुजा पोट धरून हसली. मेघाच्या बोटांची टोकं सोलली तेव्हा हिनंच त्यावर खोबरेल लावलं. जाताना आपली जुनी गिटार दिली, तारा लावून दिली. खुंट्यांचं पुढं बघू म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात मेघा एखादं गाणं नुसतं ऐकायची आणि पट्टी ओळखून कॉर्ड धरायची. इथवर यायला तनुजाची चार वर्षं गेली होती. पट्टी तर तिला अजूनही ओळखता येत नव्हती, ती गुपचूप मोबाइलवर बघायची.

"हे सोपंच असतंय गं पियानोवाल्याला," मेघा आनंदाच्या भरात बोलून गेली.

झालं! तनुजाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. आणि नेमकं तेव्हाच मेघानं विचारलं, "आता या खुंट्या कशा पिळायच्या ते सांग ना."

"नाय," तनुजा म्हणाली. "पहिलं वर्षभर शागिर्दानं खुंट्यांना हात लावायचा नसतो. उस्तादानं लावून द्यायची. आमच्यात रीतच आहे तशी."

मेघानं मान डोलावली. दुसरं कुणी असतं तर मोबाइल काढून दोन मिनिटांत शोधलं असतं. पण पियानोवाल्यांचं असंच असतं बघा, जन्मभर वाजवतात आणि आपल्या वाद्याच्या तारेला कधी बोट लावत नाहीत. मिशनच्या शाळेतला पियानो सुरात लावायला वर्षातून एकदा पुण्याहून एक म्हातारा यायचा. तो काम करायला लागला की मेघाचे वडील हॉलचं दार ओढून घ्यायचे. म्हणून ही रीत तिला पटली. गिटारचा सूर उतरला की रिक्षा करून ती गारखेड्यात यायची.

"लई त्रास देते गं तुला."

"त्रास कसला," तनुजा म्हणायची, आणि तिच्याकडं पाठ करून तारा लावायची. पाठ करून! मैत्रीण म्हणे.

एप्रिलात मुलाखतीचं पत्र आलं. वाद्यं शाळेचीच वाजवायची आणि मोबाइल बाहेर ठेवायचा, असं त्यात स्पष्ट होतं. तनुजानं ते चार वेळा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. शाळेतला पियानो लावलेला असतो तशी गिटारही असेल, असं मेघा धरून चालली होती. सोबत म्हणून तनुजाही गेली, हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसली.

पियानो मेघानं असा वाजवला की मुख्याध्यापक बाईंचा चहा तसाच निवला. मग गिटार आली. आदल्याच दिवशी नव्या तारा चढवलेल्या, सगळ्या सैलावलेल्या. मेघानं एकदा हात फिरवला आणि थांबली. तिच्या कानाला सगळं कळत होतं, कोणती तार किती उतरलीय तेसुद्धा.

"याचा सूर उतरलाय," ती म्हणाली.

"मग लावून घ्या की," परीक्षक म्हणाले.

मेघानं पहिल्यांदाच खुंटीला हात लावला. एक तार छेडली आणि शेजारच्या तारेची खुंटी पिळली. सूर हलेना, म्हणून आणखी पिळली. आणखी. भलतीच तार कडकन तुटली आणि तिच्या मनगटावर ओरखडा उठला.

"कुणी आहे का बरोबर, लावून देणारं?" मुख्याध्यापक बाईंनी विचारलं.

तनुजा पायातल्या चपलेकडं बघत बसली. मेघानं एकदा मागं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नाय कुणी," ती म्हणाली.

"शिकवलं कुणी तुम्हाला?"

"व्हिडिओ बघून शिकले."

परीक्षकांनी कागद मिटले. "बाई, आमच्याकडं तीस गिटारी आहेत. रोज सकाळी त्या कोण लावणार? पियानो उत्तम वाजवता, पण सॉरी."

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. मग मेघाच म्हणाली, "तुझं नाव घेतलं नाय मी. तुझ्या क्लासची बदनामी नको. रीत मोडली ती मीच."

अहो, शिव्या दिल्या असत्या तर तनुजानं ऐकून घेतल्या असत्या. हा चांगुलपणा मात्र तिला सोसवेना, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ते शिकायला किती दिवस लागतात गं?" मेघानं विचारलं.

"दहा मिनिटं," तनुजा म्हणाली. "पोरं पहिल्याच दिवशी शिकतात. रीतबीत काय नसते."

मेघा ना रडली, ना ओरडली. तिनं मोबाइल काढला, घरी लावला आणि तनुजाच्या हातात दिला. "संस्कृती सकाळपासून वाट बघतीय. तू सांग तिला."

"तनुमावशी!" पलीकडून पोरगी ओरडली. "मम्मी पास झाली ना? आपल्या खोल्या बघायला कधी जायचं?"

तनुजानं मेघाकडं पाहिलं. खरं सांगायची वेळ होती ती, आणि एवढीच होती.

"नाय गं बाळा," ती म्हणाली. "तुझ्या मम्मीला जमलंच नाय."