शिवणीतली माया

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लेकीच्या आजारपणानं तशी केली. वर्षभर तिनं जेवत असल्याचं नाटक केलं आणि मी भाबडेपणानं ते खरं मानलं. आता मी कुणाचंच ऐकत नाही.

दवाखान्यात दर सोमवारी तिचं वजन होतं. तिला पाठमोरी उभी करतात, आकडा फक्त सिस्टरला आणि मला दिसतो. महिनाभर तो चढत होता. उतरला तर पुन्हा भरती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिची निळी पँट कमरेला होती तशीच सैल! वजन वाढतं आणि पँट हलत नाही? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

या सोमवारी मी सिस्टरला बाजूला घेतलं. "हिचे खिसे बघा. काहीतरी जड भरून येते ही."

कुजबुजायला गेले, पण माझा आवाज मुळातच मोठा. लेकीनं ऐकलं. मुकाट्यानं दवाखान्याचा झगा चढवून ती काट्यावर उभी राहिली. आकडा खरा होता, उलट थोडा वरच. परतताना ती माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

घरी येऊन तिनं कपडे बदलताच मी ती निळी पँट उलटी केली. शिवणीला जुन्या टाक्यांची भोकं, शेजारी शेजारी चार ओळी. आमचे हे शिंपी.

"हे तुमचं काम?"

मशीनवरून मान वर न करता हे म्हणाले, "घट्ट झाली की ती जेवण सोडेल. म्हणून धुवायला पडली की जरा माया सोडत होतो." शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात.

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

लेक दारातच उभी होती. माझं धाबं दणाणलं. झालं, महिन्याची मेहनत पाण्यात! तिनं पँट घेतली, ओळींवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते.

"बाबा, अजून माया किती उरलीय?"

"दोन बोटं."

"मग सोडा. पण मला सांगून."

दुपारी ती रडत रडत जेवली, एकेक घास. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"घे, तपास."

मी मान वळवली नाही. पण खोटं कशाला बोलू, बघावंसं वाटलं.