कापराचा जांभळा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे, पण भंगार नाही! हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधला. बारा मीटरची मी ट्रकमध्ये मावेना, म्हणून दोन तुकड्यांत इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले. माझं काम ऐका. अंतराळातून परतणारं यान वरच्या विरळ हवेत इतक्या वेगानं घुसतं, की पुढची हवा तापून झगझगू लागते. त्या उजेडानंही यान भाजतं. तो उजेड मी जमिनीवर दाखवते. माझ्या एका भागात वायू ठासून भरतात, दुसऱ्यात वरच्या आभाळातल्यासारखी विरळ हवा ठेवतात. मध्ये पातळ पत्र्याचा पडदा. पडदा फाटला की धडाम! हवेचा लोट बंदुकीच्या गोळीहून वेगानं धावतो आणि माझ्या काचेच्या खिडकीत क्षणभर उजेड फाकतो. त्याच्या रंगांवरून हवेत काय काय आहे ते कळतं.

माझी देखभाल फकिरामामांकडे. कीर्तनाचं भारी वेड. "रामकृष्णहरी" म्हटल्याशिवाय बटण दाबत नसत. पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. मग कॉम्प्युटर सगळं गणितानंच सांगू लागला आणि माझ्यावर धूळ बसली.

यंदा दसऱ्यानंतर संशोधन करणाऱ्या स्वरदाताईंनी मला पुन्हा चालवलं. खिडकीत जांभळा उजेड उमटला. कॉम्प्युटरच्या गणितात तो नव्हताच. विभागप्रमुख श्रीनिवास सर म्हणाले, "नळी म्हातारी झाली, काहीही दाखवते. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो."

मी काहीही दाखवते? इतक्या वर्षांत एकदाही खोटं दाखवलं नव्हतं मी!

फकिरामामा भडकले. "सर, कीर्तनात टाळ चुकला तर बुवा टाळकऱ्याकडं बघत्यात, मृदंग फोडीत नाय!"

"मामा, इथं कीर्तन नाही चाललेलं."

"तेच तर दुखणं हाय!"

स्वरदाताई हसू दाबत म्हणाल्या, "सर, कार्बन हवेतल्या नायट्रोजनशी जुळला की असा जांभळा उजेड येतो. पण आत तर नुसती हवा होती. कार्बन आला कुठून?"

मामांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "ताई, कापूर कशाचा असतो ओ?"

"का?"

"दसऱ्याला हिची पूजा केली. झाकण उघडंच व्हतं. म्हटलं, लई दिवस गप पडलीय बिचारी, आतूनच ओवाळावं."

ताईंनी आत फडकं फिरवलं. काळंकुट्ट निघालं! कापराची काजळी, म्हणजे कार्बनच. दोन दिवस मामा मला आतून पुसत होते, मधूनच स्वतःचे डोळेही.

सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात असतानाच पडदा फाटला. धडाम! जांभळा उजेड गेला होता.

"म्हणजे कॉम्प्युटरच बरोबर होता," सर म्हणाले.

"स्वच्छ हवेपुरता, सर. पण परतताना यानाचं कवचही जळतं. त्यातून कार्बन सुटतो. तो गणितात धरलाय का?" ताईंनी विचारलं.

सरांनी स्क्रीनवरचं गणित वर-खाली करून पाहिलं. "नाही धरला," म्हणाले, आणि स्वतः बाहेर जाऊन टेम्पो रिकामा परत धाडला.

मित्रांनो, कॉम्प्युटरशी माझं वैर नाही. पण चिमूटभर काजळी माझ्यात आली तर ती मी दाखवणारच, मग ती पूजेची का असेना. मी कुणाची भीड धरणार नाही. मला पुसा, झाका, हवं तर रागवा. पण न पटणारं दाखवलं म्हणून खोटारडी म्हणायच्या आधी एकदा माझ्यात डोकावून बघा.

चला, भरा वायू. मी तयार आहे.