गॅस रीडिंग न्हाई

नवीन जालन्यात बियाणाचं एक गोदाम आहे. माझी आई, उषाबाई, तिथं झाडायला जाती. त्या गोदामाच्या दाराशी जो कॉम्प्युटर आहे, त्याचा प्रोग्राम म्या लिहिला. दहावीत असताना वर्गात दप्तर फेकलं अन् शाळा सोडली. तव्हापासून मिथुनसरांच्या कॉम्प्युटर क्लासात बसून प्रोग्राम लिहायची सी भाषा शिकून राह्यले. आता सतरा पूर्ण झाले.

काम सोपं व्हतं. कीड मारायला गोदामात गोळ्या ठेवतात अन् दार सात दिवस बंद करतात. गोळ्यांचा गॅस होतो, माणूस मारणारा. आतलं मीटर गॅसचा आकडा एका फाईलीत लिहितं. माझा प्रोग्राम ती फाईल उघडतो अन् आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर दाखवतो. शून्य आलं की आत जायचं.

अन् फाईल उघडलीच न्हाई तर? तिथं म्या इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाकली व्हती: गॅस रीडिंग न्हाई.

मिथुनसरांनी तव्हाच टोकलं. "शीतल, ही काय ओळ झाली? कोणती फाईल, प्रोग्राम तिचं काय करायला गेल्ता, काहून जमलं न्हाई, हे सगळं सांग. काय चुकलं त्याचा नंबर सी स्वतःच एर्नोमधी ठेवतं, स्ट्रएरर म्हणलं की तेच कारण शब्दांत देतं. आयतं मिळतंय, घे की."

"वाचणार कोण सर? तिथं बाया अन् हमाल."

"म्हणूनच सांगतो. त्यांच्यासाठी खाली लिही, आत जाऊ नका."

मला कोणी शिकवायला लागलं की डोकंच फिरतं. "चालतंय तर चालू द्या की," म्हणले अन् पेन ड्राइव्ह उचलून निघाले.

सोमवारी सकाळी साडेदहाला क्लासात फोन आला. गोदामाचे मॅनेजर, काकासाहेब.

"काय गं पोरी, तुझं मशीन लई शहाणं झालं. रोज नुसते आकडे दाखवतं, आज सीधं मराठीत बोललं."

"काय बोललं?"

"गॅस रीडिंग न्हाई. म्हंजे गॅस खलास. सहाव्याच दिवशी! एक दिवस वाचला."

काल संध्याकाळी आकडा तीनशेच्या वर व्हता. म्या स्वतः बघितला व्हता.

"काका, सकाळी कॉम्प्युटरला हात लावला का?"

"थोडी साफसफाई केली. फालतू फोल्डर लई पडले व्हते, सगळे एकात कोंबले. काहून?"

मीटरची फाईल त्या कोंबलेल्या फोल्डरात गेल्ती. प्रोग्रामला ती जाग्यावर सापडली न्हाई, एवढंच त्यानं सांगितलं व्हतं. माझ्या शब्दांत.

"दार उघडलं का?"

"कवाच. बाया झाडून राह्यल्या. आधी मागंपुढं करत व्हत्या, तर तुझी आईच म्हणली, माझ्या पोरीनं लिहिलंय, बराबरच असणार."

"बाहेर काढा त्यांना! जल्दी! रीडिंग न्हाई म्हंजे आकडाच मिळाला न्हाई!"

"ओरडू नको. कोणाशी बोलून राह्यली तू?" अन् फोन बंद.

गोदाम दोन गल्ल्या पुढं. मी चप्पल न घालताच पळाले.

बाहेर भिंतीला टेकून तीन बाया बसल्या व्हत्या. एकीनं डोकं गच्च बांधलं व्हतं, दुसरी गटारीपाशी ओकून राह्यली व्हती. काकासाहेब दारात नाकाला रुमाल लावून उभे. "लसणासारखा वास येऊन राह्यला खरं," म्हणले.

आई त्या तिघींत नव्हती. आतून झाडूचा आवाज येत व्हता. एकाच झाडूचा.

"आई, बाहेर ये!"

"आले गं. शेवटचा कोपरा राह्यला."

मंग झाडू थांबला. म्या ओढणी तोंडाला दाबली, श्वास कोंडला अन् आत शिरले. आई थप्पीला हात टेकून वाकली व्हती. काखेत हात घालून तिला ओढत आणली. ती वाटंत म्हणली, "हळू, पोती पडतील."

दवाखान्यात डॉक्टरनं चौघींना झोपवलं. मला बाजूला घेतलं. "हा गॅस फुफ्फुसावर उशिरा उमटतो. आज बऱ्या दिसतील. दोन दिवस कोणाला हलवायचं न्हाई. श्वासावर ध्यान ठेव."

दुपारी आई उठून बसली. चहा मागितला. मी कॉटपाशीच व्हते.

"अशी काय बघती? मला काय झालं न्हाई," ती म्हणली. "पण शीतल, तू तर न्हाई असं लिहिलं व्हतं."

"त्याचा अर्थ, मला माहीत न्हाई, असा व्हता आई."

"मंग तसं लिहायचं की."

मला राग आला न्हाई. यायला पाहिजे व्हता, निदान तेवढं तरी नेहमीसारखं झालं असतं.

चारच्या सुमारास ती घरातलं सांगायला लागली. शेळीला पाणी पाज, दळण आणायचं राह्यलं, शेजारच्या मीनाला किल्ली दे. बोलता बोलता थांबली. श्वास घेतला. परत बोलली. मी खिडकीचा पडदा सारून उजेडात तिचे ओठ बघितले, निळे पडून राह्यले व्हते.

"किल्ली," ती म्हणली, अन् थांबली. "मीनाला," अन् परत थांबली.

मी डॉक्टरला हाक मारत जिन्याकडं पळाले. माझ्या मागं आईनं खोकायला सुरुवात केली व्हती.