बांधाच्या रकान्यात शून्य

दत्तात्रेय मास्तर रोह्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. पंचाण्णवच्या मे महिन्यात सुट्टीला गावी येताना त्यांनी खाऊऐवजी एक कोष्टक आणलं. इंग्रजी मासिकातून उतरवून घेतलेलं. डावीकडे देशांची नावं, मग दरडोई उत्पादन, मग आर्थिक स्वातंत्र्याचे गुण. स्वातंत्र्याचे गुण जास्त तिथे माणसं सुखात, असा त्याचा सारांश. मास्तरांना तो इतका पटला होता की कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून. भाताची शेतं आणि खारं पाणी यांच्या मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाआधी हाक पडली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा आणि चिखलाची ढेकळं हातोहात बांधावर चढायची. मजुरी नाही, उलट न येणाऱ्याला दंड. याला जोळ म्हणत. हाक द्यायचा मान मास्तरांच्या थोरल्या भावाचा, काळुरामचा. मास्तरांचं एमए झालं ते याच बांधाआडच्या भातावर, पण ते कोष्टकात कुठे असणार!

त्या मे महिन्यात गावकीची बैठक बसली. कंपनीत लागलेली पोरं दंडाला वैतागली होती.

"शिफ्ट बुडवून चिखलात कोन येनार?" एक जण म्हणाला.

मास्तरांनी खिशातून कोष्टक काढलं. "जबरदस्तीच्या कामानं कुठलाच देश वर आलेला नाही. दिवसभर बांधावर राबलेल्या माणसाचं देशाच्या उत्पादनात किती धरतात? शून्य. तोच कंपनीत गेला तर धरतात. दंड बंद करा. ज्याला यायचं तो येईल."

"दत्ता, पानी तुजा कागद बगून येत नाय," काळुराम म्हणाला.

"दादा, जग कुठे चाललंय ते बघ जरा!"

काळुराम खाली बसला. शिकलेल्या धाकट्या भावाला चारचौघांत खोडून काढणं त्याला जमलं नाही, कारण त्या भावाचा सगळ्यात जास्त अभिमान त्यालाच होता. दंड बंद झाला.

भाद्रपदातल्या उधाणाला काळुरामनं घसा बसेपर्यंत हाक दिली. सात माणसं आली. बाकीचे शिफ्टला, नाहीतर शिफ्ट करून झोपलेले. दुपारी बांध फुटला आणि पोटरीला आलेल्या भातात खाडी शिरली.

मास्तर चार दिवसांनी धावत आले. वहिनीनं, गोदूबाईनं, नेहमीसारखं पान वाढलं.

"भात दुकानातला हाय भावजी," ती म्हणाली. "गोड मानून घ्या. आता तीन-चार वरसं आपला काय पिकायचा नाय."

ती एका शब्दानं रागावली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी मान खाली घालून तो भात संपवला. त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा मनापासून वाटलं की त्या बैठकीला आपण यायलाच नको होतं.

दोन वर्षांनी विद्यार्थ्यांना कारखाना दाखवायला म्हणून मास्तर रोह्याजवळच्या एका कंपनीत गेले. फाटकावर खाकी कपड्यांतला वॉचमन उठून उभा राहिला. काळुराम. नोकरी लागून आठवडा झाला होता, पण भाऊ रोह्यातच राहत असूनही त्यानं कळवलं नव्हतं.

"दादा, तू इथे?"

"जमीन अजून खारीच हाय रं," काळुराम म्हणाला. पोरं जरा लांब उभी असल्याचं बघून त्यानं आवाज खाली आणला. "दत्ता, तुला इचारायचा होता. आता माजा धरतात ना, त्या देशाच्या उत्पादनात?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच मास्तरांना सोसवेना.

"धरतात, दादा," ते कसेबसे म्हणाले. "सगळं धरतात."

"मंग बरा झाला," काळुराम म्हणाला आणि भावाला आत घ्यायला त्यानं फाटक उघडलं.