दांडी अजून ‘एन’वरच आहे

मित्रांनो, येरमाळ्याला कल्याणप्पांच्या मळ्यात कडब्याच्या गंजीआड कोंबड्या जिच्या टपावर बसतात, ती जुनी मोटार म्हणजे मी.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. एका जहागीरदारानं मला हौसेनं हैदराबादला आणलं. माझे गिअर चालवणाऱ्याला हातानं बदलावे लागत नाहीत, ते माझे मीच बदलते. स्टीअरिंगखाली फक्त एक दांडी आहे आणि तिच्यापाशी काही इंग्रजी अक्षरं. पुढं संस्थान विलीन झालं, जहागिरी गेली आणि कल्याणप्पा अडत्यांनी मला विकत घेतलं. माझ्याबरोबर माझे ड्रायव्हर दादामियाँही आले.

दादामियाँ आत बसले की आधी ब्रेकवर पाय ठेवत. दांडी ‘पी’वर आहे ना, हे बघत. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून किल्ली फिरवत आणि माझा श्वास जरा स्थिरावला की मगच दांडी ‘डी’वर नेत. थांबतानाही घाई नाही. चाकं पूर्ण थांबली की पाय ब्रेकवर तसाच ठेवून हातब्रेक ओढायचा, दांडी ‘पी’वर न्यायची आणि सगळ्यात शेवटी किल्ली. ‘पी’वर गेलं की माझ्या पोटात एक कडी अडकते आणि चाकं जखडतात; ‘एन’वर मात्र ती मोकळीच राहतात.

“अप्पा, किल्ली काढली म्हंजी गाडी बांधली न्हाय,” ते मालकांना सांगायचे. “बैल सोडल्यावर दावं लावता का न्हाय? ‘पी’ म्हंजी हिचं दावं.”

“आन् दगड कशाला हाय?” अप्पा हसायचे. “आमच्या बापजाद्यांच्या गाड्या दगडावरच थांबल्या!”

कीर्तनकार बलभीमबुवांना गावोगावी नेण्याचं भाग्य माझं होतं. वाशी, बेंबळी, कुठं कुठं गेलो! मागच्या सीटवर बुवा अभंग गुणगुणत. मग मी मंडपाबाहेर उभी राहून ऐकायची. पूर्वरंग चालू असताना इंजिन गरमच असायचं. उत्तररंगात आख्यान रंगलं की मीही निवून जायची. मोटारीला याहून काय हवं?

एका शुक्रवारी दादामियाँ नमाजला गेले होते. बुवांना उशीर होत होता, म्हणून अप्पांनीच मला चालवत येडेश्वरीच्या डोंगराखालच्या चढावर आणलं. मंडपात टाळ सुरू झाले होते. अप्पांनी दांडी ‘एन’वर ठेवून किल्ली काढली, मागच्या चाकाला दगड लावला आणि हात जोडत बुवांमागं आत पळाले. हातब्रेक ओढायचा राहूनच गेला.

वारा सुटला. मंडपातलं जाजम उडायला लागलं. कुणी भाविक बाहेर आला, जवळ दिसला तो दगड उचलला आणि जाजमाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला.

तो माझा दगड होता.

मी मागं घरंगळू लागले. मला ओरडता येईना. खाली हरणाबाई नारळ विकत होती. नारळ फुटले, आणि तिचा पायही मोडला.

कीर्तन थांबलं. माणसं धावली.

“देवीच्या दारात मोडलं मला मेलीनं!” हरणाबाई कळवळून रडत होती.

“बंद गाडी हलती कशी?” कुणीतरी विचारलं.

“म्या नीट बंद केली व्हती,” अप्पा म्हणाले. “गाडीच अवलक्षणी!”

एवढ्यात नमाज आटोपून दादामियाँ आले. त्यांनी दार उघडलं, वाकून दांडीकडं पाहिलं. ‘एन’. हातब्रेकही सैल. माझा जीव त्यांच्या ओठांशी येऊन थांबला.

“सांगा दादामियाँ,” अप्पा त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, “गाडीच बिघडलीया न्हवं?”

दादामियाँनी दार हळूच लोटलं.

“व्हय अप्पा. लई जुनी झालीया.”

अप्पांवरचा राग मी केव्हाच गिळला असता. पण माझी नस न् नस ओळखणारा माणूस असं बोलला!

लोकांनी मला ढकलत इथं आणून सोडलं. बुवा आता एस.टी.नं जातात. हरणाबाई लंगडत जाताना माझ्याकडं बघून थुंकते. दादामियाँ अप्पांची नवी जीप चालवतात. एकदा ते इथं आले. काच पुसली, आत बसले. सवयीनं हात दांडीकडं गेला आणि मध्येच थांबला. ती ‘पी’वर न्यायची, तर त्या दिवशी ती ‘पी’वर नव्हती हे कबूल करणं आलं. त्यांनी हात मागं घेतला आणि खाली मान घालून उतरले.

मित्रांनो, मोठेपणी मोटार चालवाल तेव्हा किल्ली सगळ्यात शेवटी काढा. आणि ज्याला तोंड नाही, त्याच्यावर आपली चूक ढकलू नका.

डोंगराकडून आज गजर ऐकू येतोय. शांतपणे ऐकावा म्हणते, पण दावं न लावलेलं जनावर बसतं का कुठं? कुणीतरी आत या. ब्रेकवर पाय ठेवा, आणि ती दांडी तेवढी ‘पी’वर सरकवा.